बारी

गुरुवारी दुपारी दोनला खिडकी बंद होते.
अर्जाची खिडकी, पडद्यावरची;
खरी खिडकी निझवाच्या उन्हाला भिऊन सकाळपासूनच बंद आहे.
एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब पडतं
आणि मी चौथ्यांदा रकाना पुसते:
समस्येचे विधान. शब्दमर्यादा दोनशे.

समस्या अशी की
झुवैना बिंत सैफ शेवटच्या बाकावर बसते,
समीकरण न चुकता उतरवते.
वेग वाढला की दाब घटतो, एवढं तिला परीक्षेपुरतं पाठ.
का घटतो, विचारलं
तर स्वतःच्या बोटांकडे बघते,
मेंदीनं तांबडी, शाईनं निळी बोटं,
आणि प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत राहतो.

तीच झुवैना परवा जिन्यात म्हणाली,
अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांत:
आमच्या गावच्या फलजचं पाणी आजोबा वाटतात.
मोकळ्यावर रोवलेली काठी, भोवती दगड.
सावली या दगडावरून त्या दगडावर सरकली
की हमूदच्या खजुरांचं पाणी तोडायचं,
मशिदीच्या बागेला वळवायचं.
अर्ध्या तासाचा वाटा म्हणजे एक अथर.
कुणाचा अर्धा अथर मेहेरमध्ये गेला,
कुणी पाव अथरासाठी भावाशी बोलणं टाकलं,
हे तिनं कधी पाठ केलेलं नाही.
तिला ते येतं.

मला साक्रीकडचा पाट दिसला.
बंधारा, फडाला लागलेली बारी,
आणि दगाजी पाटकरी, खांद्यावर फावडं,
रात्री कंदील विझवून नडगीवर पाणी मोजणारा.
"आते तुनी बारी सरनी," एवढंच म्हणायचा,
आणि कुणी वाद घालत नसे.

हे 'पूर्वसंशोधनाचा आढावा' मध्ये बसत नाही.
तिथे मागच्या पाच वर्षांचेच संदर्भ चालतात.

अंदाजपत्रक.
प्रवाहमापक एक, सहाशे चाळीस रियाल.
बस, चार शनिवार, दोनशे.
कॉफी आणि खजूर—
शेजारच्या टेबलावरून मुंधिरनं मान हलवली:
पाहुणचार निधीत बसत नाही, डॉक्टर.
म्हटलं, खजूर त्यांचेच असतील, आपण नुसते खाणार.
तो हसला.
ओळ मात्र खोडायला लावली.

प्रकल्पाची मुदत: अठरा महिने.
माझा करार: अजून अकरा.
'प्रमुख संशोधक प्रकल्प संपेपर्यंत सेवेत असावा.'
इथे मी चहा करायला उठले.
उरलेल्या सात महिन्यांचं पाणी कुणाकडे वळवायचं?
परत येऊन मुंधिरचं नाव वर घातलं
आणि मी खाली सरकले,
पाटाच्या शेपटाला जमीन असलेल्या माणसासारखी,
वरच्यांचं भिजून उरेल त्यावर लक्ष ठेवत.
एक वाजून बावन्न मिनिटांनी बटण दाबलं.

उत्तर सातव्या आठवड्यात आलं.
मापक मंजूर.
बस नामंजूर,
कारण गावभेटीचा अध्ययनाशी संबंध स्पष्ट होत नाही.

मापक आला निळ्या पेटीत,
दागिन्यासारखा फोममध्ये रुतवलेला.
प्रयोगशाळेत नळाखालच्या पन्हाळीत धरला:
शून्य पूर्णांक चार दोन.
वर्गानं आकडा उतरवला, तारीख घातली,
खाली दोन रेघा मारल्या.

सगळे गेले तरी झुवैना दप्तर आवरतच होती.
मग म्हणाली, आजोबांना सांगितलं या यंत्राचं.
ते विचारतात,
याला कळतं का, हे पाणी कुणाचं?

सहा शब्द.
मर्यादेतले एकशे चौऱ्याण्णव शिल्लक,
आणि खिडकी कधीचीच बंद.

मी फळा पुसला, पेन तिच्या हातात दिलं.
लिही, म्हटलं. तुझ्या भाषेत लिही.
ती जरा घुटमळली,
दाराकडे एकदा बघून
उजव्या टोकाला गेली.